लोंबणारे छप्पर आणि ते रेखाटणारा माणूस

घरात कपडे वाळत घालायची दोरी असेल तर हा लेख वाचण्यापूर्वी दोन मिनिटे तिच्यापाशी जा. दोरीच्या मधोमध एक ओला टॉवेल टाका. दोरी मध्ये खाली येईल, तिला झोळ पडेल. आता एका टोकाची गाठ सोडा, दोरी हातात धरा आणि झोळ काढून टाकण्यासाठी ओढू लागा. सुरुवातीला काम सोपे वाटेल. दोरी जसजशी सरळ होत जाईल तसतशी ती हाताला काचू लागेल, आणि शेवटचा चार बोटांचा झोळ काही केल्या निघणार नाही. धाकट्या भावाला मदतीला घ्या, तरी नाही. दोरी तुटेल, समोरचा खिळा उपटून येईल, पण दोरी पुरती सरळ होणार नाही. एका टॉवेलाचे वजन ते किती! मग दोघांच्या ताकदीला ते दाद का देत नाही?

हा प्रश्न तूर्त मनात ठेवा आणि माझ्याबरोबर पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे चला. तेथे टॅगस नदीच्या काठी १९९८ साली एक मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याचा विषय होता महासागर. यजमान देशाने स्वतःसाठी एक दालन बांधले आणि दालनाला लागून समारंभांसाठी एक प्रशस्त चौक ठेवला. या चौकावर छप्पर आहे. दोन बाजूंना जाड खांबांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये, दोन झाडांना चादर बांधावी तसे, मध्ये झोळ पडलेले एक प्रचंड छप्पर. लांबी सुमारे ६५ मीटर, रुंदी सुमारे ५० मीटर. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे या छपराखाली कबड्डीची २५ मैदाने मावतील. मध्ये एकही खांब नाही. आणि ही चादर कापडाची नाही, पत्र्याचीही नाही. ती काँक्रीटची आहे, आणि तिची जाडी आहे अवघी २० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर!

ज्यांनी शाळेत पदार्थांचे गुणधर्म शिकताना लक्ष दिले असेल ते येथे हरकत घेतील. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण त्याला सोसवत नाही. दाबाच्या तुलनेत त्याची ताण सोसण्याची शक्ती जेमतेम एक दशांश असते. म्हणून काँक्रीट खांबात वापरावे, कमानीत वापरावे, जेथे ते चेपले जाते तेथे वापरावे. दोन टोकांना बांधून लोंबत ठेवलेल्या वस्तूत तर सगळा ताणच असतो. मग काँक्रीट टांगायचे हा काय प्रकार आहे?

हे छप्पर ज्यांनी कल्पिले त्या वास्तुशिल्पज्ञांचे नाव आल्व्हारो सिझा. छपराचे कोडे सोडवण्याआधी त्यांची ओळख करून घेऊ, कारण या माणसाची विचार करण्याची तऱ्हा कळली की छप्पर निम्मे उलगडते.

सिझा यांचा जन्म २५ जून १९३३ रोजी मातोझिन्योश या गावी झाला. हे गाव पोर्तुगालच्या उत्तरेस, पोर्तो शहराला लागून अटलांटिक महासागराच्या काठी आहे. मासेमारीचे बंदर, मासे डबाबंद करण्याचे कारखाने, खारा वारा. वडील अभियंता होते. मुलाला मात्र शिल्पकार व्हायचे होते. घरी ते पसंत नव्हते. पोर्तोच्या ललित कला विद्यालयात चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला एकाच छताखाली शिकवीत. तेव्हा सिझा यांनी वास्तुकलेला नाव घातले. पुढे गुपचूप शिल्पकलेकडे वळू, असा बेत होता. तो बेत कधीच पार पडला नाही. अभ्यासात रस वाटू लागला आणि ते तेथेच रमले.

लहानपणी सुट्टीत वडील कुटुंबाला शेजारच्या स्पेनमध्ये नेत. बार्सिलोना शहरात अंतोनी गौदी या विलक्षण वास्तुशिल्पज्ञाच्या इमारती मुलाने पाहिल्या. गौदींचे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. शिक्षण संपवून सिझा आपले गुरू फेर्नांदो ताव्होरा यांच्या कार्यालयात काम करू लागले. ताव्होरा यांचा आग्रह असे की आधुनिक बांधकाम जरूर करा, पण आपल्या गावातली जुनी घरे लोकांनी अशी का बांधली हे आधी समजून घ्या.

ताव्होरा यांच्याकडे गावाजवळच्या लेसा द पाल्मेइरा येथील खडकाळ किनाऱ्यावर एक चहागृह बांधण्याचे काम आले होते. जागा कोणती ते ठरवून गुरूंनी काम तरुण सहकाऱ्यांवर सोपवले. सिझा त्यांत होते. १९६३ साली पुरे झालेले हे चहागृह खडकांत अंग चोरून बसले आहे. छप्पर कौलारू आणि खाली वाकलेले. बाहेरून दिसते थोडे आणि लपलेले पुष्कळ. आतल्या जेवणाच्या दालनाला समुद्राच्या बाजूने मोठ्या काचा आहेत. हवा चांगली असली की त्या सरकवून जमिनीखाली उतरवता येतात. मग काच नाहीच, समोर थेट समुद्र!

पण सिझा यांचा स्वभाव खऱ्या अर्थाने दिसतो तो याच किनाऱ्यावर त्यांनी बांधलेल्या पोहण्याच्या तलावांत. हे काम १९६१ ते १९६६ या काळातले. त्या वेळी पोर्तुगालवर सालाझार या हुकूमशहाची सत्ता होती. आपल्या वाचकांना हे नाव परके नाही. गोव्यावरची ज्याची पकड १९६१ च्या डिसेंबरात सुटली, तोच हा सालाझार.

जागा कशी होती ती डोळ्यांसमोर आणा. वर किनाऱ्याचा रस्ता. रस्त्याला आधार देणारी लांबलचक भिंत. भिंतीखाली वाळू आणि वेडेवाकडे काळपट खडक, आणि त्यांच्यावर आपटणाऱ्या लाटा. भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवसांत तीन मीटरच्याही पुढे जाणारा. अशा ठिकाणी तलाव बांधायचा म्हटला की सरळ मार्ग कोणता? सुरुंग लावून खडक उडवायचे, जागा सपाट करायची आणि चार भिंतींचा आयत उभा करायचा. सिझा यांनी तसे केले नाही. खडक कसे पसरले आहेत, कोठे ते आपसूक बांध घालतात आणि कोठे फट ठेवतात, याची त्यांनी पाहणी केली. जेथे निसर्गाने भिंत उभी केली होती तेथे त्यांनी काही बांधले नाही. जेथे फट होती तेवढ्याच ठिकाणी काँक्रीटची भिंत घातली. परिणामी मोठ्या तलावाची एक बाजू सरळ रेषेत आहे, तर दुसरीकडे पोहता पोहता हात खडकाला लागतो. लहान मुलांचा उथळ तलाव किनाऱ्याकडे, खडकांच्या कुशीत आहे.

ही केवळ सौंदर्यदृष्टी नव्हे. हिशोब करून पाहा. तलावात दोन मीटर खोल समुद्राचे पाणी आहे आणि ओहोटीमुळे भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पाणी नाही, असे समजा. पाण्याचा दाब वरच्या पातळीला शून्य आणि तळाशी दर चौरस मीटरला सुमारे दोन टन. सरासरी एक टन. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर दोन चौरस मीटर क्षेत्र आहे, तेव्हा दर मीटर लांबीला दोन टनांचा रेटा बाहेरच्या दिशेने बसतो. हा झाला स्थिर पाण्याचा रेटा. हिवाळ्यात महासागर खवळला की लाटांचे तडाखे उलट बाजूने बसतात, ते वेगळेच. हजारो वर्षे हे तडाखे खाऊन जो खडक जागेवर राहिला आहे त्याने आपली परीक्षा दिलेली आहे. त्याला उडवून त्याच्या जागी नवी भिंत घालायची आणि तिला ती परीक्षा पुन्हा द्यायला लावायची, यात शहाणपण कोणते?

कपडे बदलण्याच्या खोल्या सिझा यांनी रस्त्याच्या पातळीखाली, आधारभिंतीला समांतर ठेवल्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला समुद्र पूर्वीसारखाच दिसतो. पोहायला येणारा माणूस उतारावरून खाली येतो, काँक्रीटच्या भिंतींमधल्या अंधाऱ्या बोळातून जातो, रस्त्याचा आवाज मागे पडतो, आणि मग एकदम उजेड आणि खारी हवा! काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांच्या खुणा तशाच दिसतात, गिलावा नाही.

खाऱ्या हवेत काँक्रीट बांधण्याची किंमतही द्यावी लागते, हे येथे सांगितले पाहिजे. मिठातले क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि आतल्या पोलादी सळ्यांना गंज चढवते. गंज मूळ पोलादापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगून तडकते. मुंबईच्या समुद्राकाठच्या इमारतींचे सज्जे असेच ढलपे टाकतात. लेसाच्या या दोन्ही वास्तूंनाही पुढे दुरुस्ती करावी लागली.

२५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमध्ये क्रांती झाली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची लाल फुले खोवली. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने त्याच वर्षाच्या अखेरीस मान्य केले. देशात नव्या सरकारपुढे घरांचा मोठा प्रश्न होता. पोर्तोमध्ये श्रीमंतांच्या घरांमागच्या चिंचोळ्या जागांत एकेका खोलीच्या रांगा होत्या; मुंबईच्या चाळीही त्यांच्यापुढे ऐसपैस म्हणाव्यात. सरकारने एक योजना काढली. वास्तुशिल्पज्ञांनी वस्तीत जायचे, रहिवाशांच्या समितीबरोबर बसायचे आणि घरे त्यांच्याशी बोलून ठरवायची. सिझा त्यात पडले. या बैठका गोडीगुलाबीच्या नसत. लोक भांडत, आराखडे नाकारत. सिझा यांनी हे वाद कामाचाच भाग मानले.

पोर्तोमधील बोसा वस्ती ही त्या काळातली. घरांच्या चार लांब ओळी, मध्ये मोकळी अंगणे, रेल्वेच्या बाजूला आवाज अडवणारी उंच भिंत. एकावर एक अशी दुमजली घरे, वरच्या घराला बाहेरून जिना. पण १९७६ साली योजना गुंडाळली गेली. बोसाचा एक भाग तेवढा बांधून झाला होता. उरलेला भाग पुरा व्हायला २००६ साल उजाडले. ज्यांनी बैठकांत भांडून आपल्या स्वयंपाकघराची जागा ठरवली, त्यांच्यापैकी कित्येकांची मुले तोवर मोठी होऊन गेली असतील. चांगला आराखडा हाती असला म्हणजे घर मिळते, असे नाही.

१९७७ साली सिझा यांच्याकडे याहून मोठे काम आले. दक्षिणेकडच्या एव्होरा या प्राचीन शहराबाहेर, मालागेइरा येथे, सुमारे १,२०० घरांची वसाहत उभारायची होती. पैसा बेताचा. उन्हाळा कडक. सिझा यांनी उंच इमले टाळले. ८ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब असे लहान लहान तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यावर चौक असलेले एक घर योजले. काही घरांत चौक पुढे, काहींत मागे. सुरुवातीला एक झोपण्याची खोली बांधावी आणि कुटुंब वाढेल तशा खोल्या चौकाभोवती पाचपर्यंत वाढवाव्या, अशी सोय होती. भिंती चुन्याने पांढऱ्या, कारण पांढरा रंग सूर्याची बरीचशी उष्णता परत फेकतो. रात्री चौक आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकून देतो, थंड झालेली जड हवा त्यात साठून राहते आणि सकाळी उशिरापर्यंत खोल्या गार ठेवते. जुन्या वाड्यातल्या चौकात उन्हाळ्याच्या सकाळी बसलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

मालागेइराची खरी गंमत मात्र डोक्यावरून जाते. पाण्याचे नळ, विजेच्या व टेलिफोनच्या तारा हे सारे आपण सहसा जमिनीखाली पुरतो आणि दरवर्षी रस्ते खोदत बसतो. सिझा यांनी काँक्रीटच्या ठोकळ्यांचा एक उंच पाट बांधला आणि हे सगळे त्यातून घरांपर्यंत नेले. तो खांबांवर वसाहतभर फिरतो. बिघाड झाला तर खणायला नको, आणि पाटाखाली चालणाऱ्याला सावली. ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. एव्होरा शहरात सोळाव्या शतकातला दगडी कमानींचा एक जलसेतू आहे. शहराच्या वेशीच्या आत त्याच्या कमानींमध्ये लोकांनी घरे आणि दुकाने थाटली आहेत. सिझा यांनी ते पाहिले आणि चारशे वर्षांपूर्वीची युक्ती नव्या वस्तूंनी पुन्हा केली. याही ठिकाणी आराखड्यातल्या कित्येक सार्वजनिक वास्तू पैशांअभावी कागदावरच राहिल्या.

आता तुम्हाला या माणसाची तऱ्हा दिसू लागली असेल. वास्तुशिल्पज्ञ शून्यातून काही निर्माण करत नाही, जे असते त्यात बदल करतो, असे सिझा यांचे मत प्रसिद्ध आहे. खडक असेल तर खडक, ऊन असेल तर ऊन, जुना जलसेतू असेल तर तो. १९८८ च्या ऑगस्टमध्ये लिस्बनच्या जुन्या शियादु बाजारपेठेला मोठी आग लागली, आणि पुनर्बांधणीचे काम सिझा यांच्यावर आले. एवढी मोठी संधी, आता काहीतरी नवलाचे दिसेल अशी कित्येकांची अपेक्षा. सिझा यांनी इमारतींचे जुने दर्शनी भाग होते तसे ठेवले आणि सुधारणा आतल्या बाजूला केल्या. काहींना हे भित्रेपणाचे वाटले. मला तसे वाटत नाही. १७५५ च्या भयंकर भूकंपानंतर वसवलेला हा भाग होता. त्या वेळच्या बांधकाम करणाऱ्यांनी भिंतींच्या आत लाकडी तिरप्या पट्ट्यांचा पिंजरा बसवला होता, म्हणजे धक्का बसला तर भिंत हलेल पण ढासळणार नाही. त्याची परीक्षा घेण्यासाठी नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवले, असे सांगतात! ज्या शहराने एवढा विचार करून स्वतःला पुन्हा उभे केले, त्याच्या डोक्यावर आपली सही ठोकण्याचा मोह आवरायला धाडस लागते. १९९२ साली सिझा यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. वास्तुकलेत त्याला नोबेलसारखा मान आहे. (आपल्या पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांना ते २०१८ साली मिळाले.)

आता परत छपराकडे.

एवढ्या मोठ्या चौकावर छप्पर घालायचे तर सामान्यतः जाड तुळया किंवा कमानी लागतात. तुळई वजनाखाली वाकू पाहते आणि आपण तिला जाड करून वाकू देत नाही. सिझा यांनी उलट विचार केला. वाकायचेच आहे ना, मग वाकू दे. वजनाला ज्या आकारात जायचे आहे त्याच आकारात छप्पर ठेवले, तर वाकण्याशी झगडायला नको. दोन टोकांना धरलेली साखळी जो वक्र घेते त्यात प्रत्येक कडीला फक्त ताण असतो, दुमडण्याचा जोर नसतो. या वक्राला आपण साखळीवक्र म्हणू. गॅलिलिओला तो अन्वस्ताच्या जवळचा वाटला होता, आणि झोळ उथळ असेल तर दोन वक्र खरोखरच ओळखू येत नाहीत. त्याचे अचूक गणित १६९१ साली हॉयगेन्स, लायब्निट्स आणि योहान बर्नुली या तिघांनी सोडवले. त्याआधीच इंग्लंडच्या रॉबर्ट हूक याने एक सुंदर गोष्ट ओळखली होती. लोंबती साखळी जशीच्या तशी उलटी केली की उत्तम कमान मिळते. साखळीत जेथे निव्वळ ताण होता तेथे कमानीत निव्वळ दाब येतो. बार्सिलोनाचे गौदी हेच करीत. दोऱ्यांना वजनाच्या लहान पिशव्या बांधून ते छतापासून लोंबता नमुना करीत आणि तो उलटा पाहून कमानी ठरवीत. लिस्बनच्या छपरात हा वक्र उलटा केलेलाच नाही.

आता वजन काढू. ६५ × ५० × ०.२ म्हणजे ६५० घनमीटर काँक्रीट. एक घनमीटर सुमारे २.४ टन, तेव्हा छप्पर सुमारे १,५६० टन. हिशोबासाठी झोळ ३ मीटर आहे असे धरू. छप्पर मधोमध कापले अशी कल्पना करा आणि फक्त डावा अर्धा भाग पाहा. त्याचे वजन ७८० टन. ते त्याच्या मध्यावर, म्हणजे डाव्या आधारापासून १६.२५ मीटरवर एकवटले आहे असे मानता येते. तरफेच्या नियमाने त्याचा फिरवण्याचा परिणाम ७८० × १६.२५ = १२,६७५. हा अर्धा भाग आधाराभोवती फिरून खाली का पडत नाही? कारण उजवा अर्धा भाग त्याला आडवा ओढून धरतो. ही ओढ छपराच्या मध्यावर, म्हणजे आधाराच्या पातळीपेक्षा ३ मीटर खाली लागते. तेव्हा ओढ × ३ = १२,६७५, आणि ओढ निघते ४,२२५ टन! छपराच्या सबंध वजनाच्या पावणेतीन पट.

थोडक्यात सूत्र असे: ओढ बरोबर वजन गुणिले लांबी, भागिले आठपट झोळ. झोळ दुप्पट केला की ओढ निम्मी. झोळ कमी कमी करत नेला की ओढ वाढत जाते, आणि झोळ शून्य करायचा म्हटला तर शून्याने भागावे लागते. कपड्यांची दोरी सरळ का होईना, याचे उत्तर मिळाले ना? टॉवेल दोरीभर पसरलेला नसून मध्यावर असल्याने तेथे आठाच्या जागी चार येतील, पण शून्य ते शून्यच.

आता चौकाच्या दोन बाजूंचे खांब इतके अवजड का, तेही कळते. त्या प्रत्येक रांगेवर छपराचे वजन फक्त ७८० टन येते. पण तिला आत ओढणारे बळ त्याच्या पाचपटीहून अधिक आहे. खांब छपराला खालून तोलून धरण्यासाठी नाहीतच. रस्सीखेचीत पाय रोवून मागे रेलणाऱ्या गड्यांसारखे ते आहेत.

राहिले काँक्रीटचे कोडे. हे ४,२२५ टन काँक्रीट सोसत नाही. काँक्रीटच्या पोटातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोलादी दोर गेले आहेत, आणि सगळा ताण ते घेतात. मग काँक्रीट कशाला? नुसत्या दोरांवर ताडपत्री टाकली असती तर! नदीकाठचा वारा तिला एका हिवाळ्यात फाडून नेता. ताशी १५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १०० किलोग्रॅम असतो. वीतभर काँक्रीटचे वजन दर चौरस मीटरला ४८० किलोग्रॅम. एवढ्या वजनाला वारा उचलूही शकत नाही आणि फडफडवूही शकत नाही. वादळात पत्रे उडू नयेत म्हणून आपल्याकडे त्यांच्यावर दगड ठेवतात, तसाच हा प्रकार. शिवाय काँक्रीट दोरांना हवेपासून झाकते. म्हणजे जे वजन इतर छपरांत शत्रू असते, ते येथे कामाला लावले आहे.

हे सारे एकट्या सिझा यांचे नव्हे. रेखाटन त्यांचे, ते उभे करण्याचे गणित सेसिल बॅलमंड या मूळच्या श्रीलंकेच्या अभियंत्याचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे. सिझा यांचे जुने सहकारी एदुआर्दो सोतो द मोरा यांचाही या कामात हात होता. त्यांनीच पुढे ब्रागा शहरात दगडाच्या खाणीला टेकून एक क्रीडांगण बांधले. तेथील समोरासमोरची दोन छपरे पोलादी दोरांनी एकमेकांना धरून आहेत. प्रदर्शन संपल्यावर लिस्बनच्या दालनाचे काय करायचे हे बरीच वर्षे ठरत नव्हते. चौक मात्र कोणी बंद केला नाही. लोक उन्हात आणि पावसात त्या छपराखाली येऊन उभे राहतात. (टॅगसच्याच काठी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या मुंबईत काम केलेले चार्ल्स कोरिया यांनी रेखाटलेले एक मोठे वैद्यकीय संशोधन केंद्र २०१० पासून आहे. लिस्बनला कधी गेलात तर दोन्ही पाहा.)

छपरातली एक गोष्ट सांगायची राहिली. काँक्रीट खांबांपर्यंत पोचतच नाही. दोन्ही टोकांना थोडे आधी ते थांबते आणि पुढे फक्त उघडे दोर खांबांत शिरतात. त्या फटीतून ऊन आत येते आणि दोरांच्या सावल्यांचे पट्टे समोरच्या भिंतीवर उमटतात. हिशोब करून मिळालेला तो सगळा ताण तेथे डोळ्यांना दिसतो.

घरी करण्यासारखे: एक बारीक साखळी आलेख कागदापुढे दोन बोटांत धरा, वक्र पेन्सिलीने उतरवून घ्या, कागद उलटा करा आणि त्या आकाराची कमान पुठ्ठ्याच्या तुकड्यांची, डिंक न लावता, उभी राहते का पाहा. आणि वहीत हे सोडवा: लिस्बनच्या छपराचा झोळ ३ ऐवजी १ मीटर ठेवला असता, तर खांबांच्या प्रत्येक रांगेला किती टनांची ओढ सोसावी लागली असती?